नोंदींच्या वहनातील द्विरुक्ती : एक चिकित्सा

संगणकयंत्रणा जे जे करते, त्याचा ती ओळीओळीने रोजनामा लिहीत असते. या रोजनाम्याला व्यवहारात ‘लॉग’ म्हणतात. अनेक यंत्रांवरील असे रोजनामे गोळा करून मध्यवर्ती भांडारात पोचविणारी जी साखळी, तिच्यात एकच नोंद दोनदा, कधी तीनदा उमटते, ही तक्रार या विद्येत जुनी आहे. तिच्यावरील लेखनही विपुल आहे. तथापि त्या लेखनाचा मोठा भाग उपाय सांगण्याची घाई करतो आणि निदानाकडे पाठ फिरवितो. सारख्या ओळी शोधाव्यात, एक ठेवावी, बाकीच्या पुसाव्यात, एवढ्यावर प्रश्न मिटला असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत टिकते, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण रोजनामा हा आता केवळ यंत्रज्ञाच्या सोयीचा कागद राहिलेला नाही. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार असे रोजनामे १८० दिवस जपून ठेवावे लागतात; आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली विद्युत् अभिलेख पुरावा म्हणून न्यायालयापुढे येतो. पुराव्यातील ओळ पुसणे ही साफसफाई नव्हे.

कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगणे बुद्रुकच्या परिसरात, महर्षी कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेने १९९१ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. अशा एखाद्या विद्यालयात परीक्षाशुल्क भरण्याची शेवटची रात्र आहे, अशी कल्पना करावी. एका विद्यार्थिनीने ‘शुल्क भरा’ ही कळ दाबली. पडद्यावर काहीच हालचाल दिसेना म्हणून एका सेकंदाच्या आत पुन्हा दाबली. रोजनाम्यातील वेळ सेकंदापर्यंतच लिहिली जात असल्याने तेथे अक्षरशः सारख्या दोन ओळी उमटल्या. त्याच रात्री वहनातील बिघाडामुळे या दोहोंपैकी एक ओळ भांडारात दोनदा पोचली. भांडारात आता तीन सारख्या ओळी आहेत. घटना मात्र दोन आहेत. खात्यातून दोनदा पैसे गेल्याची तक्रार घेऊन ती मुलगी सकाळी कार्यालयात आली, तर तिची बाजू खरी की खोटी, हे या तीन ओळींच्या वाचनावर ठरणार. मजकूर सारखा म्हणून दोन ओळी पुसल्या, तर ती खोटी ठरते. तिन्ही खऱ्या मानल्या, तर न घडलेला तिसरा व्यवहार शोधत हिशेबनीस बसतो.

तिसरी ओळ कोठून आली? वहनाचे सूत्र मनीऑर्डरच्या पोचपावतीसारखे आहे. पाठविणारा ओळी पाठवितो आणि पोच येईपर्यंत त्या हाताशी ठेवतो. पोच आली नाही, तर पाठविणाऱ्यापुढे दोन शक्यता उरतात : मजकूर वाटेत हरवला, किंवा मजकूर पोचला व पोचच हरवली. आपल्या जागी बसून या दोहोंतील भेद त्याला कधीच कळू शकत नाही. बेभरवशाच्या मार्गावरून निरोप पाठवून दोन पक्षांचे निश्चित मतैक्य घडविता येत नाही, हे १९७५ साली दाखवून देण्यात आले आणि जिम ग्रे याने १९७८ मध्ये ते दोन सेनापतींच्या कोड्याच्या रूपाने सर्वपरिचित केले. तेव्हा पाठविणाऱ्याने पुन्हा पाठविले तर द्विरुक्तीचा धोका, न पाठविले तर लोपाचा. फाइलबीटसारखी वाहक साधने पहिला धोका पत्करतात. कोणत्या फाइलीत कोठवर वाचून झाले, याची खूण ती पोच आल्यावरच पुढे सरकवितात. मध्येच यंत्रणा बंद पडली, तर पुन्हा सुरू होताना मागच्या खुणेपासून वाचतात आणि पोचलेल्या ओळी दुसऱ्यांदा धाडतात. याला दोष म्हणणे अन्यायाचे होईल. लोपापेक्षा द्विरुक्ती बरी, असा तो जाणूनबुजून केलेला निवाडा आहे.

हाच पेच पुण्यातील एका विद्याकार्यात पूर्वी येऊन गेलेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. या कामी १२५९ हस्तलिखिते धुंडाळली गेली. १९२५ पासून १९४३ पर्यंत प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुखटणकरांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत प्रतींच्या संकराची जी चर्चा केली, ती वाहक साखळीच्या अभ्यासकाने मुळातून वाचावी अशी आहे. लेखकाच्या समोर दोन परंपरांच्या प्रती असल्या आणि काही सोडण्याची त्याला धास्ती वाटली, की तो दोन्हींतील मजकूर उतरून घेई. एकच प्रसंग मग दोन रूपांनी ग्रंथात बसे. वाहक साधनाचा स्वभाव नेमका हाच : हरवू नये म्हणून दोनदा. आणि तरीही सुखटणकरांनी सारखेपणा हा पुसण्याचा निकष मानला नाही. आदिपर्वाचा आरंभ दोनदा होतो. नैमिषारण्यात शौनकाच्या सत्रात उग्रश्रवा सौती येऊन पोचतो, हे गद्य वाक्य पहिल्या व चौथ्या अध्यायाच्या तोंडी जवळजवळ त्याच शब्दांत आहे. वाचकाला ही उघड चूक वाटावी. परंतु प्रतींची साक्ष या दोन्ही आरंभांविषयी एकमुखी असल्यामुळे ते दोन्ही संहितेत राहिले. उलटपक्षी, कितीही सुसंगत व सुंदर असलेला श्लोक प्रतींचा आधार नाही म्हणून संहितेबाहेर गेला. निर्णय मजकुराच्या रूपावर झाला नाही. तो मजकूर कोणत्या वाटेने आला, यावर झाला.

रोजनाम्याच्या बाबतीत ही वाट शोधणे हस्तलिखितांपेक्षा पुष्कळच सुकर आहे, आणि म्हणूनच ती न शोधण्याला सबब नाही. ओळीबरोबर तीन गोष्टी टिपल्या गेल्या असल्या पाहिजेत : कोणत्या यंत्रावरील कोणती फाइल, त्या फाइलीतील ओळीचे स्थान, आणि ती भांडारात केव्हा व कोणाच्या हातून आली. दोन सारख्या ओळींची फाइल एक व स्थान भिन्न असेल, तर त्या मूळ रोजनाम्यातच दोनदा लिहिल्या गेल्या आहेत. वाहकाचा तेथे काही अपराध नाही. फाइल एक, स्थान एक, आगमनाची वेळ तेवढी वेगळी, तर पोच हरवल्यामुळे झालेले ते पुनःप्रेषण होय. स्थान एक, परंतु आणणारे वाहक दोन, असे दिसल्यास एकाच फाइलीवर दोन वाहक नेमले गेले आहेत. एकाच वाहकाला तीच फाइल दोन मार्गांनी दिसणे हाही याच्या जवळचाच प्रकार. कुबर्नेटीसमध्ये कंटेनरांच्या नावाची रोजनामा-निर्देशिका ही वस्तुतः पॉडांच्या निर्देशिकेकडे बोट दाखविणाऱ्या दुव्यांची असते, आणि दोन्हींवर पहारा बसविणारा दुहेरी पीक काढतो.

फाइल पालटण्याच्या वेळी होणारी द्विरुक्ती मात्र अधिक फसवी आहे. रोजनामा फुगला की जुना भाग बाजूला ठेवून नवा सुरू करण्याचा प्रघात आहे. त्यासाठी लॉगरोटेट या साधनात ‘कॉपीट्रंकेट’ नावाची एक सोय आहे : मूळ फाइलीची नक्कल करायची आणि मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करायची. ही नक्कल वाहकाच्या दृष्टीने अगदी नवी फाइल असते. ‘या नावाने सुरू होणाऱ्या सर्व फाइली वाच’ अशी सैल आज्ञा त्याला दिलेली असेल, तर तो ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून काढतो. येथे पुरावा असा उमटतो की स्थान तेच आणि फाइल तेवढी वेगळी. गंमत अशी की याच सोयीत लोपाचीही फट आहे. नक्कल संपणे आणि मूळ फाइल रिकामी होणे यांच्या दरम्यान लिहिलेल्या ओळी कायमच्या जातात. एकाच कारणाने एकीकडे वाढ व दुसरीकडे तूट होत असेल, तर एकूण ओळी मोजून काहीही सिद्ध होत नाही.

वर सांगितलेल्या कसोटीलाही एक मर्यादा आहे. स्थान भिन्न असले म्हणजे घटना दोन, असे म्हणता येते काय? पायथॉन भाषेच्या लेखनसाधनात नोंद ही खालच्या लेखकाकडून वरच्या लेखकाकडे आपोआप चढत जाते. दोघांनाही स्वतंत्र हस्तक जोडलेले असले, तर एकच घटना त्याच फाइलीत लागोपाठ दोनदा लिहिली जाते. ही जन्मतःच जुळी असलेली नोंद आणि विद्यार्थिनीने दोनदा कळ दाबल्याची नोंद यांत फाइल व स्थान यांवरून फरक कळत नाही. फरक सवयीत असतो : जुळी नोंद प्रत्येक ओळीला जुळी असते, माणसाची अधीरता अधूनमधून प्रकट होते. पण ज्या यंत्रणेत व्यवहाराला स्वतःचा क्रमांकच दिलेला नाही, तेथे हे अनुमान अनुमानच राहते.

या पार्श्वभूमीवर ‘नेमके एकदा’ या घोषणेकडे पाहावे. लिंक्डइन या संस्थेत जन्मलेल्या व २०११ मध्ये सर्वांस खुल्या झालेल्या काफ्का या वहनप्रणालीने २०१७ सालच्या ०.११ या आवृत्तीत पाठविणाऱ्याला ओळख व प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक देण्याची योजना आणली. तोच अनुक्रमांक पुन्हा आला, तर दलाल तो स्वीकारत नाही. ही योजना निर्मळ आहे आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. घोषणा मात्र योजनेपेक्षा मोठी झाली. पाठविणारा बंद पडून नव्या ओळखीने उभा राहिला, किंवा त्याच्या मागील वाहकाने तीच ओळ नवा निरोप म्हणून त्याच्या हाती दिली, तर अनुक्रमांक नवाच पडतो आणि दलालाला ती ओळ नवीच दिसते. हे कोणाला अनपेक्षित वाटण्याचे कारण नव्हते. सॉल्त्झर, रीड व क्लार्क यांनी आपल्या १९८४ च्या प्रसिद्ध निबंधात नेमके हेच उदाहरण घेऊन दाखविले होते की मधल्या मार्गाने द्विरुक्ती कितीही गाळली, तरी टोकाला बसलेल्याने स्वतः पुन्हा केलेली मागणी मार्गाला ओळखता येत नाही. ती टोकालाच ओळखावी लागते. चाळीस वर्षांपूर्वीचा हा निबंध वाचून झालेला असता, तर जाहिरातीतील काही विशेषणे वाचली असती.

ओळखक्रमांक उगमापाशी द्यावा, हे यातून ओघानेच येते. तो मजकुरावरून काढलेला ठसा असू नये. यंत्र, फाइलीची ओळख व स्थान यांवरून, आणि शक्य तेथे व्यवहाराच्या स्वतःच्या क्रमांकावरून काढलेला असावा. भांडार म्हणून इलॅस्टिकसर्च वापरले जात असेल, तर असा क्रमांक दिलेली ओळ दुसऱ्यांदा आल्यास पहिलीच्या जागी बसते. क्रमांक न दिल्यास भांडार प्रत्येक आगमनाला स्वतः नवा क्रमांक काढून देते आणि द्विरुक्तीला अधिकृत जन्मदाखला मिळतो. येथेही एक खाचखळगा आहे. रोजच्या रोज नवी सूची उघडण्याचा प्रघात असतो, आणि क्रमांकाचे एकत्व एका सूचीपुरतेच असते. सूची ओळीच्या जन्मवेळेऐवजी आगमनवेळेवरून निवडली, तर रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांची ओळ मध्यरात्रीनंतर पुन्हा येऊन दुसऱ्या दिवसाच्या सूचीत सुखाने नांदते. शुल्काची शेवटची तारीख नेमकी मध्यरात्री संपते, हे विसरून चालणार नाही.

आणि पुसण्याविषयी. चिकित्सक आवृत्तीत संहितेबाहेर गेलेल्या ओळी नष्ट केलेल्या नाहीत. त्या पृष्ठाच्या तळाशी तारांकित क्रमांकाने, आणि लांब असल्यास परिशिष्टात, कोणत्या प्रतींत आढळल्या त्या निर्देशासह छापलेल्या आहेत. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर वाचकाला तो त्याच पानावर उलटविता येतो. मध्यवर्ती भांडारात दुसऱ्यांदा आलेल्या ओळीला ‘पुनःप्रेषित’ अशी खूण करून, तिचे आगमन व वाहक यांसह वेगळ्या सूचीत १८० दिवस ठेवण्यास आजच्या साठवणुकीच्या दरांत फारसा खर्च येत नाही. त्या विद्यार्थिनीच्या तीन ओळींपैकी तिसरी तेथे असेल, पहिल्या दोन मूळ सूचीत आपापल्या स्थानांसह असतील, आणि कार्यालयातील लिपिकाला त्या तिन्ही तिच्यासमोर उघडून दाखविता येतील.