उतरलेल्या पुतळ्यांची बाग

डिलाईल रोडच्या चाळीत कोकणातून पाहुणे आले, की त्यांना दोन ठिकाणी न्यावेच लागते. एक महालक्ष्मी आणि दुसरी राणीची बाग. बागेतली माकडे पाहून झाली, की मी त्यांना शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात वळवतो. फोर्टातल्या चौकांतून उतरवलेले साहेबी अंमलाचे पुतळे तेथे उघड्यावर आहेत. मुले कंटाळतात, पण वाचकहो, एवढे निवांत शिल्पदर्शन मुंबईत दुसरीकडे कुठे घडणार?

व्हिक्टोरिया राणीची संगमरवरी मूर्ती मॅथ्यू नोबल याने घडवली. दिली बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. ती फोर्टात उंच छत्राखाली बसवलेली असताना, १८९६ साली, दामोदर चापेकरांनी तिला डांबर फासले आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. कलेचा हा अपमान, असे म्हणणारे रसिक भेटतात. मला ते पटत नाही. उंचावरची ती राणी शिल्प नव्हतीच, तो हुकूम होता. आणि चापेकरांनी तो बरोबर वाचला. आज ती जवळून पाहता येते, म्हणून तिच्या वस्त्रावरची नाजूक कलाकुसर दिसते. जाळीदार किनार नोबलने जीव ओतून कोरली आहे. चेहरा मात्र कचेरीतल्या कागदासारखा कोरा.

बोएमच्या घोडेस्वाराचे उलट झाले. हा युवराज एडवर्डचा पुतळा १८७९ साली उभा राहिला, पण मुंबईकरांनी जागेला नाव दिले ते काळ्या घोड्याचे! स्वाराला कोणी विचारले नाही. याहून मार्मिक समीक्षा मी वाचलेली नाही. १९६५ साली पुतळा राणीच्या बागेत आला, तरी नाव तेथेच राहिले. २०१७ साली त्या जागी नवा घोडा उभारला, तो बिनस्वाराचाच.

माझे मन रमते ते घारापुरीच्या दगडी हत्तीपाशी. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले ते याच्यामुळे. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, तर उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ साली ते पुन्हा जोडले. ओबडधोबड, सांधलेला, पण त्याच्या अंगाला वजन आहे. सलामाची अपेक्षा नाही.

राणी बसत असे तिथून जवळच, हुतात्मा चौकात, आता मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी उभे आहेत. जागा योग्य, आदर पूर्ण. पण शिल्प म्हणून माझी तक्रार आहेच. तो पिळदार कामगार कोणत्याही देशाचा वाटतो; तिन्ही पाळ्यांत कापसाची धूळ खाल्लेला, खांदे उतरलेला आमचा गिरणीवाला त्यात दिसत नाही. शिवाय तोही उंचावरच! उद्या कोणी वाइंडिंग खात्यातल्या बाईचा पुतळा केलाच, तर तिला चौथरा देऊ नये. ती डिलाईल रोडच्या फुटपाथवर उभी करावी, येणाऱ्याजाणाऱ्याचा खांदा लागेल इतकी जवळ.