‘योग्य वजन’ : एका संज्ञेची चिकित्सा

परभाषेतील संज्ञा मराठीत आणताना तिच्या अर्थाचा कोणता अंश आपण स्वीकारतो, यावर पुढील विवेचनाची दिशा ठरते. आरोग्यविषयक लेखनात रूढ झालेली ‘योग्य वजन’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. मुळातील ‘नॉर्मल’ या शब्दात ‘सामान्यतः आढळणारे’ आणि ‘असावे तसे’ असे दोन अर्थ एकत्र नांदतात. मराठीला त्यांतून निवड करावी लागते. आणि ‘योग्य’ म्हणताच वर्णनाचे रूपांतर निर्णयात होते.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे गणित एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले यांचे. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये ॲन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. शरीरात मेद किती आणि तो कोठे साठला आहे, हे त्या अंकातून कळत नाही. वस्तुतः प्रश्न स्थानाचाच आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील मेद नितंब-मांड्यांपेक्षा पोटाकडे अधिक साठू लागतो. आतड्यांभोवतीच्या मेदाचा संबंध इन्सुलिनरोध, मधुमेह व हृद्रोग यांच्याशी आढळतो.

अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मधील १,५६,६२४ रजोनिवृत्त स्त्रियांच्या माहितीवरील निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा निर्देशांक १८.५ ते २४.९ होता, पण कमरेचा घेर ८८ सेंटीमीटरहून अधिक होता, त्यांचा मृत्यूचा धोका तितक्याच निर्देशांकाच्या, परंतु घेर मर्यादेत असलेल्या स्त्रियांपेक्षा ३१ टक्क्यांनी अधिक आढळला. हा सहसंबंध होय, कार्यकारणभावाची सिद्धी नव्हे. तथापि ‘योग्य’ या विशेषणाला बाध आणण्यास तो पुरेसा आहे.

मराठी बोलीने ‘अंगाने सुटणे’ आणि ‘पोट सुटणे’ असा भेद पूर्वीच केला आहे. शास्त्रीय परिभाषेने तो गमावला, असे म्हणावे लागते. बोलीही निर्दोष नाही : बाळंतपणानंतर वा उतारवयात पोट सुटणे ती स्वाभाविक मानते, आणि सडपातळ बाईच्या मधुमेहाचे तिला नवल वाटते.

म्हणून ‘योग्य वजन’ऐवजी ‘निर्देशांक मर्यादेत’ असे लिहावे व त्याशेजारी कमरेचा घेर नोंदवावा. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची घेराची मर्यादा ८० सेंटीमीटर आहे. ही शब्दरचना बोजड वाटेल. परंतु ‘योग्य’ हा शब्द ऐकून जी स्त्री निश्चिंत मनाने घरी परतते, तिची तपासणी तेथेच थांबते.