धड्यातलं ‘तुम्ही’

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात ‘रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ’ नावाचा छोटा धडा आहे. नीट देणाऱ्या मुली तो जवळजवळ पाठ करतात. गणित घेऊन इंजिनीअरिंगला गेलेल्या आमच्यासारख्या कित्येक जणींनी तो उघडलेलाही नसतो. अलीकडे मी तो वाचला, परीक्षेसाठी नाही, एक लेखन म्हणून, आणि एका सर्वनामापाशी अडकले.

माहिती म्हणून धडा चांगला आहे. कंडोम, तांबी, गोळ्या, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया, सगळं ओळीने येतं. लखनौच्या सीडीआरआयने शोधलेली, आठवड्यातून एकदा घ्यायची ‘सहेली’सुद्धा आहे. प्रश्न आहे तो हे सगळं सांगितलंय कुणाला, हा. गर्भनिरोधनाचा भाग सुरू होतो लोकसंख्यावाढीपासून. मग ‘हम दो हमारे दो’, लग्नाचं वय, छोट्या कुटुंबाला सवलती. म्हणजे ही साधनं वापरणारं कोण, तर लग्न झालेलं, देशाची लोकसंख्या आटोक्यात ठेवणारं जोडपं.

काही पानांनंतर लैंगिक आजारांपाशी सूर बदलतो. १५ ते २४ वयोगटात हे आजार जास्त आढळतात असं सांगून धडा थेट वाचणारीकडे वळतो: हा तुमचाच वयोगट. रोगाच्या वेळी ‘तुम्ही’, गोळीच्या वेळी ‘जोडपी’. आजार होण्याइतकी ही मुलगी मोठी आहे, पण गर्भनिरोधनाचा निर्णय घेण्याइतकी नाही, असा त्याचा अर्थ होतो. आणि पुढच्याच वर्षी ती कॉलेजात, कदाचित होस्टेलवर असते.

तातडीच्या गर्भनिरोधनाला एकच वाक्य मिळालंय. त्यात ७२ तासांची मुदत आहे आणि प्रसंग दोनच: बलात्कार, किंवा सहज घडलेला असुरक्षित संबंध. नेहमीचा जोडीदार आहे आणि कंडोम फाटला, हा साधा प्रसंग त्यात बसत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सगळी फीचर्स लिहिलीत, पण एरर आली तर काय करायचं ते लिहायचं राहिलंय.

मेडिकलच्या काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला वेगळंच हवं असतं. ही गोळी, म्हणजे दीड मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल, मुख्यतः बीजांड बाहेर पडणं लांबवते. म्हणून मुदत ७२ तासांची असली तरी जितकी लवकर तितकी बरी. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. नंतरच्या संबंधांपासून ती वाचवत नाही, आजारांपासूनही नाही. पाळी आठवडाभराहून जास्त लांबली तर टेस्ट करायची. एवढं सगळं पाच-सहा ओळींत मावतं.

सरकारी पाठ्यपुस्तक अविवाहित मुलीशी असं कसं बोलणार, असं कुणी म्हणेल. पण कायदा तर बोलू लागलाय. गर्भनिरोधक अयशस्वी ठरल्यास गर्भपात, या तरतुदीत आधी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते. २०२१च्या दुरुस्तीने तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आले. १८ पूर्ण झालेल्या मुलीला त्यासाठी घरच्यांची संमती लागत नाही.

आणि मराठीत तर हे कितीतरी आधी झालंय. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. जुलै १९२७पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचक खाजगी प्रश्न पाठवत आणि ते अंकात छापील उत्तर देत. अशा उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला चालला. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी निकाल विरोधात गेला. कर्व्यांनी मासिक थांबवलं नाही, १९५३पर्यंत चालवलं. त्या उत्तरांचं बळ मला त्यांच्या रचनेत दिसतं: आधी विचारणारा माणूस, मग माहिती.

या धड्यात नवं फार काही घालायला नको. शेवटी आलेलं ते ‘तुम्ही’ काही पानं आधी, गोळ्यांच्या परिच्छेदात आणा. पुढची वाक्यं त्याला धरून आपोआप बदलावी लागतील.