एकच काचपट्टी, सहा परीक्षक

एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षकांकडे दिली, तर गुण सारखेच पडतील असे नाही. हे आपण सारे जाणतो. म्हणूनच फेरतपासणीची सोय असते. पण बायॉप्सीचा रिपोर्ट हाती आला, की आपण तो अंतिम निकाल मानतो. तोही कोणीतरी डोळ्यांनी पाहून, तोलून लिहिलेला असतो, हे विसरतो. सीलिॲक या आजारात हे विसरणे महागात पडते, कारण निदान झाले की गहू जन्मभरासाठी बंद होतो.

गहू, जव व राय या धान्यांतील ग्लूटेन काही व्यक्तींना सोसत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तरावरचे बोटांसारखे रसांकुर आखूड होत होत सपाट होतात, अन्नरस नीट शोषला जात नाही, मुलाची वाढ खुंटते, रक्तक्षय होतो. दुर्बिणीने अस्तराचे तुकडे काढून त्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या बदलांच्या पायऱ्या मायकेल मार्श यांनी १९९२ मध्ये मांडल्या. ओबरहूबर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिसऱ्या पायरीचे आणखी तीन भाग केले.

पायऱ्या वाढल्या, पण एकमत वाढले का? कोराझा, व्हिलानाच्ची व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याची परीक्षा घेतली. ६० व्यक्तींच्या काचपट्ट्या सहा विकृतिशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्या. जुन्या पद्धतीत 'कॅप्पा' सरासरी ०.३५ आला, पायऱ्या कमी करून तीनच ठेवल्या, तेव्हा तो ०.५५ झाला.

कॅप्पा म्हणजे काय? समजा, दोन शिक्षकांनी त्याच १०० उत्तरपत्रिका तपासल्या. प्रत्येकाने ८० उत्तीर्ण व २० अनुत्तीर्ण केल्या आणि ८४ ठिकाणी दोघांचे मत जुळले. निकाल उत्तम वाटतो. पण डोळे मिटून याच प्रमाणात शेरे मारले असते, तरी सुमारे ६८ ठिकाणी मत जुळलेच असते (०.८ × ०.८ + ०.२ × ०.२ = ०.६८). योगायोगापलीकडे जुळण्यास वाव होता ३२ ठिकाणी, त्यांपैकी जुळल्या १६. म्हणून कॅप्पा ०.५. हे माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिले.

या संशोधनाचे मोल मोठे आहे. पण त्याचा निष्कर्ष जपून घ्यावा. पहिली गोष्ट, रकाने कमी केले की मतभेदाच्या जागाही कमी होतात. प्रथम श्रेणी व विशेष प्राविण्य एकत्र केले, तर परीक्षकांची नजर सुधारत नाही, फक्त एक वाद मिटतो. अर्थात, तिसऱ्या पायरीच्या तिन्ही भागांत उपचार एकच असल्याने तो वाद मिटवणे योग्यच होते. खरी अडचण खालच्या पायरीवर आहे. तेथे रसांकुर शाबूत असतात, फक्त अस्तरात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. जंतुसंसर्गानेही असे होते आणि काही वेदनाशामक गोळ्यांनीही. शिवाय काप तिरका गेला, तर निरोगी रसांकुरही आखूड दिसतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: एकमत म्हणजे सत्य नव्हे. सहाही परीक्षक मिळून चुकू शकतात.

आपल्याकडे हा धोका अधिक आहे. जिआर्डिया व उष्णकटिबंधीय स्प्रू यांमुळेही रसांकुर झिजतात. त्यातच २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा आजार उत्तर भारतात शेकडा १.२३, तर दक्षिणेत शेकडा ०.१० प्रौढांत आढळला. गव्हाचा आहारही उत्तरेत कितीतरी अधिक होता. मराठवाडा या पाहणीत नव्हता. मात्र हिंगोली जिल्हा परंपरेने ज्वारीचा. ज्या भागात आजार विरळा, तेथे संशयितांपैकी खोटे होकार प्रमाणाने अधिक निघतात. उलट, 'हा तर गहू खाणाऱ्यांचा आजार' म्हणून खरा रुग्ण निसटण्याची भीतीही तितकीच, कारण चपाती आणि बिस्किटे आता घरोघरी आहेत.

म्हणून काचपट्टीला एकटी साक्षीदार मानू नये. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी, लक्षणे आणि आहार बदलल्यावरचा फरक यांची जोड हवी. युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार, मुलांच्या रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे मर्यादेच्या दहापट वा अधिक असली आणि दुसऱ्या नमुन्यातील वेगळ्या चाचणीने दुजोरा दिला, तर बायॉप्सी टाळताही येते. शंका असल्यास तीच काचपट्टी दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवण्यात कोणाचा अपमान नाही. मात्र तपासणीआधीच गहू सोडू नये. तसे केल्यास खुणा पुसल्या जातात. निदान पक्के झाले, तर हिंगोलीच्या घरात भाकरी आहेच.

एक प्रयोग शाळेत जरूर करावा. वीस उत्तरपत्रिकांवरील नावे झाकून दोन सहकाऱ्यांनी त्या वेगवेगळ्या तपासाव्यात आणि विद्यार्थ्यांकडून कॅप्पा काढून घ्यावा. आकडा कमी आला तर खजील होऊ नये. दुसऱ्याच्या रिपोर्टला जो प्रश्न विचारायचा, तो आधी आपल्या लाल शाईला विचारलेला बरा.