‘ठेवणे’ आणि ‘टाकणे’ : छपाई-टपाल संस्थांच्या सुरक्षिततेच्या तुलनेविषयी

दुसऱ्यांचे कागद छापून, पाकिटांत घालून ते घरोघर पोचविणाऱ्या संस्थांपैकी अधिक सुरक्षित कोणती, हे ठरविण्याची आपल्याकडील पद्धत ठराविक आहे. एक तक्ता आखावयाचा, डावीकडे संस्थांची नावे लिहावयाची, वर प्रमाणपत्रे व तांत्रिक सोयी लिहावयाच्या आणि मधल्या चौकटींत बरोबरच्या खुणा करावयाच्या. ज्या संस्थेच्या खुणा अधिक, ती सुरक्षित. गुणपत्रके, पदव्या, वीजबिले, बँकांची खातेपत्रके यांची कामे अशाच तक्त्यांवरून सोपविली जातात. ही तुलना बहुतांशी निरुपयोगी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हा विषय भाषेच्या अभ्यासकाने का हाती घ्यावा, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर एवढेच की, या तक्त्यांतून जे सुटते ते नेमके क्रियापदांत सापडते.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘मुद्रण’ हा शब्द ‘मुद्रा’ या शब्दापासून आला, आणि मुद्रा म्हणजे शिक्का. ‘मोहोर’ फारसीतून आली; ‘लिफाफा’ अरबी मुळाचा. ‘लखोटा’ या शब्दात तर पत्र बंद करणारी लाखच चिकटून बसली आहे. नांदेड आणि लातूर ही गावे १९४८ पर्यंत निजामी अंमलाखाली होती, व हैदराबाद संस्थानचे स्वतंत्र टपालखाते १९५० पर्यंत चालू होते. त्यामुळे ‘मोहोरबंद लिफाफा’ हा शब्दप्रयोग आपल्याकडच्या कचेऱ्यांत विशेष रुळला. या सर्व शब्दांमागची कल्पना एकच आहे : कागदावर छाप उमटविणे आणि तो कागद बंद करणे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. आजच्या छपाईत हा संबंध नेमका उलटा झाला आहे, आणि शब्द मात्र जुनेच राहिले आहेत.

तो कसा उलटला हे पाहण्यासाठी कामाची रीत थोडी समजून घ्यावी लागते. विद्यापीठ किंवा बँक आपल्या लोकांची नावे, पत्ते, गुण वा रकमा यांची एक यादी संगणकीय फाइलच्या रूपाने छपाई-संस्थेकडे पाठविते. ती फाइल वाटेत कोणी वाचू नये म्हणून कूटबद्ध केलेली असते. परंतु कूटलिपी छापून कोणाच्या उपयोगी पडत नाही. छपाईसाठी ती उलगडावीच लागते. उलगडलेल्या यादीतून प्रत्येक माणसाचे एकेक पान तयार होते. ती पाने यंत्राच्या रांगेत उभी राहतात. नमुन्याच्या प्रती निघतात. बिघडलेले कागद रद्दीत जातात. संपूर्ण कामाची एक नक्कल राखीव म्हणून दुसऱ्या संगणकावर जाते. अर्थात मूळ एका फाइलच्या चार-पाच उघड्या प्रती छपाईच्या दिवशीच जन्मास येतात. तेव्हा ‘आमच्याकडे माहिती कूटबद्ध असते’ ही जी खूण प्रत्येक संस्था तक्त्यात करून देते, ती खोटी नसली तरी दोन संस्थांतील फरक सांगण्यास असमर्थ आहे. छापखाना हे कूट उघडण्याचेच ठिकाण होय. ‘आयएसओ २७००१’ या मानकाची खूणही याच जातीची. त्या प्रमाणपत्राने एखाद्या संस्थेत सुरक्षिततेची व्यवस्था राबविली जाते एवढे कळते, तेही संस्थेने स्वतः जाहीर केलेल्या व्याप्तीपुरते. जेथे आपले काम चालते ती शाखा त्या व्याप्तीत आहे किंवा नाही, हे तक्ता विचारीत नाही.

मग फरक कशाने कळेल? याचे उत्तर मला एका अगदी लहान जागी मिळाले. काही वर्षांपूर्वी नांदेडात एका झेरॉक्सच्या दुकानी एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या प्रती काढण्यासाठी गेलो असता, दुकानदाराने फाइल शोधण्याकरिता संगणकाचा पडदा माझ्यापुढे वळविला. त्यावर मागील तीन वर्षांचे प्रबंध, आधारकार्डांची चित्रे, जातीचे दाखले, गुणपत्रके अशी दाटी होती. हे सर्व कशासाठी, असे मी विचारले. तो म्हणाला, “सर, सेव्ह करून ठेवतो. पोरं परत येतात, पुन्हा प्रिंट मागतात.” माझी फाइल काढावी अशी मी विनंती केली, तेव्हा “डिलीट करून टाकतो” असे म्हणून त्याने ती क्षणार्धात काढलीही. ती गेली कोठे, तर त्याच पडद्यावरील ‘रिसायकल बिन’ नामक टोपलीत.

‘करून ठेवणे’ आणि ‘करून टाकणे’ यांतील भेद मराठी बोलणाऱ्यास शिकवावा लागत नाही. मुख्य क्रिया एकच असते. पण ‘ठेवणे’ लागले की पुढच्या गरजेकडे दृष्टी असते, आणि ‘टाकणे’ लागले की गोष्ट एकदाची संपते. दुकानदाराच्या ‘ठेवतो’मध्ये कपट नव्हते, सेवाभाव होता, परत येणाऱ्या मुलाचा वेळ व पैसा वाचावा हाच हेतू. त्याच्या ‘टाकतो’मध्ये मात्र शब्द आणि क्रिया यांची फारकत होती : तोंडाने टाकले, यंत्राने ठेवले. सायबर-सुरक्षिततेचा एक मोठा भाग या फारकतीत आहे.

जुन्या छापखान्यात ही अडचण फारशी नव्हती. जुळाऱ्याने जुळविलेले खिळे छपाई संपताच सोडवून ज्याच्या त्याच्या खणात टाकावे लागत, कारण दुसऱ्या दिवशीच्या कामाला तेच खिळे हवे असत. एखादा मजकूर पुन्हा लागणार असेल तर तो बांधून ठेवीत, पण तेवढे शिसे अडकून पडे आणि मालक कुरकुर करी. म्हणजे टाकणे ही गरज होती, ठेवणे हा खर्च. संगणकाने हा हिशेब फिरविला. आता ठेवण्यास काहीच पडत नाही. टाकण्यासाठी मात्र माणूस, वेळ आणि प्रती कोठे कोठे आहेत याची नोंद लागते.

परदेशांतील चार प्रकरणे या कसोटीवर घासून पाहण्यासारखी आहेत. २०१३ साली सिंगापुरात स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या ६४७ खाजगी ग्राहकांची खातेपत्रके चोरीस गेल्याचे उघड झाले. चोरी बँकेत झालेली नव्हती. ती छपाईचे काम करणाऱ्या फुजी झेरॉक्सच्या सर्व्हरवरून झाली होती. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या वनटचपॉइंट या छपाई-टपाल संस्थेवर एप्रिल २०२२ मध्ये हल्ला झाला. आरोग्यविमा संस्थांसाठी ती काम करीत असल्यामुळे २६ लाखांहून अधिक लोकांची माहिती धोक्यात आली. हल्लेखोराने नेमक्या कोणत्या फायली पाहिल्या हे त्या संस्थेस निश्चित सांगता आले नाही, ही त्यातील अधिक बोलकी गोष्ट. मे २०२४ मध्ये जपानातील क्योतोच्या इसेतो या संस्थेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रणालीचा, हल्ला झाला. तेथे काम संपताच काढून टाकावयाची माहिती काढलेलीच नव्हती, आणि जेथे ती असावयास नको अशा जाळ्यात ती पडून होती, असे आढळले. एप्रिल २०२५ मध्ये सिंगापुरातील टोपान नेक्स्ट टेक या छपाई-संस्थेवर असाच हल्ला होऊन डीबीएस बँकेच्या सुमारे ८,२०० आणि बँक ऑफ चायनाच्या सुमारे ३,००० ग्राहकांची माहिती धोक्यात आली. डीबीएसने आपल्या फायली कूटबद्ध करूनच पाठविल्या होत्या.

या चारांपैकी इसेतोचे प्रकरण मला सर्वांत बोधप्रद वाटते. हल्लेखोर दारातून आत कसा शिरला हा प्रश्न तंत्रज्ञांचा. पण आत शिरल्यावर त्याला जे सापडले ते तेथे का होते, हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. जे टाकले असते ते चोरीस गेले नसते. क्योतोची ती मोठी संस्था आणि नांदेडचे ते झेरॉक्सचे दुकान यांत व्याप्तीचा फरक प्रचंड आहे. सवयीचा तेवढा नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आपल्याच भागातून येतो. लातूर हे शिकवणीवर्गांचे गाव. तेथे गुप्त छपाई म्हटले की प्रश्नपत्रिका डोळ्यांपुढे येते, ग्राहकांची यादी येत नाही. ५ मे २०२४ रोजी झालेल्या ‘नीट’ परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेने लातुरातील दोन शिक्षकांना ताब्यात घेतले आणि लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे, त्यात शिरण्याचे कारण नाही. त्या उन्हाळ्यात लातूर-नांदेडच्या घरांतून प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांकडेही लोक कसे पाहू लागले होते, हे मात्र येथील प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे.

प्रश्नपत्रिका फुटली ती कोठे? अन्वेषण विभागाच्या म्हणण्याप्रमाणे झारखंडातील हजारीबाग येथील परीक्षाकेंद्रात, पोचलेल्या पेटीतून, अवजारांच्या साह्याने. तिचा लाभ झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या त्या विभागाने १५५ सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी फेरपरीक्षेस नकार दिला. परंतु २ ऑगस्टच्या सविस्तर निकालपत्रात पेट्या ठेवलेल्या खोलीचे मागील दार उघडले गेल्याबद्दल आणि ई-रिक्षातून प्रश्नपत्रिका नेल्याबद्दल राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेस बोल लावला. येथे संगणकात कोणी शिरले नाही. मग ठेवणे-टाकणे या भेदाचा येथे उपयोग काय?

उपयोग असा की, त्यामुळे गुप्ततेचे दोन प्रकार वेगळे होतात. प्रश्नपत्रिकेची गुप्तता मुदतीची असते. परीक्षा सुरू होईपर्यंत ती प्राणपणाने जपावयाची. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका ठेल्यावर विकली तरी कोणाचे बिघडत नाही. गुणांची, पत्त्यांची, आजारांची, कर्जांची गुप्तता बेमुदत असते. तिचा धोका छपाईपूर्वी असतोच, पण छपाईनंतर तो संपत नाही; काम विसरले जाते आणि फाइल राहते. पहिल्या प्रकारात चांगले ठेवणारा हवा : पेटी, कुलूप, पहारा, वाहन. दुसऱ्या प्रकारात चांगला टाकणारा हवा. एका कामात निष्णात असलेली संस्था दुसऱ्यात गचाळ असू शकते. आणि आपला तक्ता दोन्ही कामांना एकाच मापाने मोजतो. प्रश्नपत्रिकांच्या छपाईचा दीर्घ अनुभव आहे म्हणून एखाद्या संस्थेस गुणपत्रकांचे काम देणे म्हणजे उत्तम पहारेकऱ्यास स्वच्छतेचे काम सोपविण्यासारखे होय.

‘नीट’नंतर नेमलेल्या राधाकृष्णन समितीने संगणकाधारित परीक्षांवर भर दिला, व जेथे ते शक्य नाही तेथे प्रश्नपत्रिका संगणकीय मार्गाने केंद्रावर पाठविण्याचा पर्याय सुचविला. काही विद्यापीठांत प्रश्नपत्रिका परीक्षेच्या थोडे आधी महाविद्यालयात पोचून तेथेच छापली जाते. ही रीत वाढली की पेटीचा व रिक्षाचा प्रश्न मिटेल. परंतु प्रत्येक महाविद्यालय हाच एक छापखाना होईल, आणि वर वर्णिलेल्या उघड्या प्रती प्राचार्यांच्या कार्यालयातील यंत्रात जन्म घेतील. छापखान्यांची तुलना करणाऱ्यांनी ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे.

आता करारांच्या भाषेकडे वळू, कारण तुलनेचा खरा दस्तऐवज तोच. अशा करारांत ‘काम पूर्ण झाल्यावर माहिती नष्ट करण्यात येईल’ या साच्याचे वाक्य असते. ‘-ण्यात येईल’ ही रचना आपल्या कार्यालयीन मराठीची ओळखच बनली आहे, आणि प्रस्तुत लेखकही अशी वाक्ये मुक्तहस्ताने लिहीत आला आहे. या रचनेत कर्ता लागत नाही. ‘-कडून’ हा प्रत्यय लावून तो आणता येतो, पण न आणल्यास वाक्य लंगडे वाटत नाही. उलट अधिक सभ्य वाटते. कोण नष्ट करील? केव्हा? कोणकोणत्या प्रती? नष्ट झाल्याचे कोणास दाखवील? वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे, म्हणून वाचणाऱ्यास हे प्रश्न पडत नाहीत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची रचना या बाबतीत पुष्कळच सावध आहे. त्यात माहिती गोळा करणारा विश्वस्त आणि त्याच्या वतीने तिच्यावर प्रक्रिया करणारा असे दोघे वेगळे केले आहेत. छपाई-टपाल संस्था ही दुसऱ्या वर्गात पडते. हेतू संपताच विश्वस्ताने माहिती पुसावी, आणि प्रक्रिया करणाऱ्याकडूनही ती पुसवून घ्यावी, असे कलम ८ सांगते. पुसणे आणि पुसवणे : साधे क्रियापद आणि प्रयोजक क्रियापद, दोन्ही एकाच कर्त्याच्या गळ्यात. सुरक्षिततेची वाजवी तरतूद न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे. २०२४ च्या सार्वजनिक परीक्षा कायद्यानेही सेवा पुरविणाऱ्या संस्थेत उपकंत्राटदाराचा समावेश केला असून, दोषी संस्थेस १ कोटी रुपयांपर्यंत दंड व ४ वर्षे बंदी ठेवली आहे. कायद्यांनी कर्ता शोधला. आपल्या करारांनी तो अजून लपविलेलाच आहे.

टपालाच्या बाजूसही असेच एक शिळे क्रियाविशेषण उरले आहे. ‘रजिस्टर टपालाने पाठवावे’ असे आपण लिहितो. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतीय टपालखात्याने नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केले, आणि ज्याच्या नावचे पत्र त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्याच्या हाती पडावे यासाठी नोंदणी ही आता वेगळी मागावयाची सोय झाली आहे. जुना शब्द लिहून आपण जुनी हमी गृहीत धरतो. परत आलेली पाकिटे कोणाकडे जातात, तीही विचारण्याजोगी गोष्ट. पत्ता न सापडलेले गुणपत्रक छापखान्याच्या कोपऱ्यात पडून राहिले, तर संगणक पुसून काय उपयोग?

तेव्हा दोन संस्थांपैकी एक निवडावयाची झाल्यास मी दोघींपुढे एकच वाक्य ठेवीन : ‘शेवटचे पाकीट टपालात पडल्यापासून अमुक दिवसांच्या आत आमचा अमुक अधिकारी आवक-फाइल, छपाईची रांग, यंत्राची स्मृती आणि राखीव नक्कल या चारही ठिकाणची माहिती पुसून टाकील व तशी सही केलेली नोंद विद्यापीठास देईल.’ यावर संस्थांचा नेहमीचा आक्षेप असा की, विद्यार्थ्याने दुसरी प्रत मागितली तर ती कोठून काढावयाची? झेरॉक्सच्या दुकानदाराचेही म्हणणे हेच होते. फरक इतकाच की, त्या मुलांची मूळ फाइल हरवली तर ती अन्यत्र मिळण्याची खात्री नसे. गुणपत्रकाची मूळ नोंद परीक्षा विभागात असतेच. दुसरी प्रत लागेल तेव्हा तेवढ्या एका विद्यार्थ्याची एक ओळ पुन्हा पाठविता येते.