सजीव दृष्टिपटलाचे सूक्ष्मदर्शन

देहाला कोठेही छेद न देता मज्जासंस्थेचा जो अंश उघड्यावर पाहता येतो तो दृष्टिपटल होय; आणि १८५१ साली हेल्महोल्ट्झने आपला नेत्रदर्शक प्रसिद्ध केल्यापासून वैद्याची नजर तेथवर पोहोचली हे खरे असले, तरी त्यातील एकेक पेशी जिवंतपणी न्याहाळण्याची मुभा पुढे जवळजवळ दीड शतक कोणाला मिळाली नाही. अडसर होता तो खुद्द डोळ्याचाच. पारपटल आणि भिंग यांच्या घडणीतील बारीक वैगुण्ये प्रकाशतरंगांना विकृत करतात, आणि ती माणसागणिक निराळी असतात.

उपाय आला तो खगोलशास्त्राकडून. वातावरणामुळे थरथरणारी ताऱ्याची प्रतिमा क्षणोक्षणी दुरुस्त करीत राहण्याची जी कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली मांडली होती, तिचा अवलंब करून १९९७ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील ल्यांग, विल्यम्स व मिलर यांनी डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशाची विकृती मोजली, आरशाचा पृष्ठभाग तिच्या बरोब्बर विरुद्ध वाकविला, आणि शंकुपेशींची सुस्पष्ट चित्रे घेतली. पुढे १९९९ मध्ये रूर्डा व विल्यम्स यांनी या पेशींचे तीन वर्ण-प्रकार जिवंत डोळ्यात वेगळे करून दाखविले, तेव्हा एका व्यक्तीत तांबड्या व हिरव्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळजवळ सारख्या, तर दुसऱ्या व्यक्तीत पहिल्या प्रकारच्या जवळजवळ चौपट आढळल्या. आणि तरीही दोघांची रंगदृष्टी निर्दोष होती! केवळ चित्राच्या स्पष्टतेने रंगज्ञानाच्या शास्त्रापुढे इतका मूलगामी प्रश्न उभा करावा, हे मला या कलेचे सर्वोच्च यश वाटते.

आरशाच्या या पद्धतीखेरीज दुसरी पद्धत म्हणजे ओसीटी, अर्थात परावर्तित प्रकाशावरून दृष्टिपटलाचे थर दाखविणारे तंत्र; १९९१ साली अवतरलेली ही पद्धत आज नेत्ररुग्णालयांत रूढ झाली आहे. खोलीचे थर ती काही मायक्रॉनपर्यंत उलगडते; आडव्या दिशेने मात्र डोळ्याची तीच वैगुण्ये तिचा हात धरतात. दोन्ही पद्धतींचा संयोग झाल्यावर २०१७ मध्ये इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी काचबिंदूत नष्ट होणाऱ्या, जवळजवळ पारदर्शक अशा गँग्लियन पेशीही दाखविल्या.

परंतु एका वेळी दिसणारे क्षेत्र एक-दोन अंशांचेच असते. मोतीबिंदूने भिंग गढूळ झालेला, किंवा रोगामुळे नजर स्थिर ठेवू न शकणारा रुग्ण समोर आला, की प्रतिमा बिघडते. म्हणजे ज्याला हिची गरज अधिक त्याच्याच डोळ्यावर ही कला दुबळी पडते. शिवाय चित्रातील काळा ठिपका म्हणजे मृत पेशीच, असा निवाडा देता येत नाही, कारण पेशीचा बाह्य खंड विस्कळीत झाला तरी तिचा प्रकाश मंदावतो आणि तिचा आतला खंड शाबूत असू शकतो. चित्र घेण्याची विद्या पुढे गेली आहे. चित्र वाचण्याची अद्याप मागे आहे. म्हणून या क्षेत्रातील संशोधकांना माझी विनंती एवढीच की, उत्कृष्ट प्रतिमांबरोबर ज्या डोळ्यांची प्रतिमा घेता आली नाही त्यांचाही तपशीलवार हिशेब त्यांनी आपल्या प्रत्येक निबंधात द्यावा.