ओनसेनच्या भिंतीवरचा कागद: मोजमाप उगमाचं, दावा कुंडाचा

या ब्लॉगवर आपण सहसा शोधनिबंधांची चिरफाड करतो. आज चिकित्सेला घेतलेला मजकूर एका पानाचा आहे, तो कुठल्याही जर्नलमध्ये छापून येत नाही आणि बहुतेक लोक तो अंगावरचे कपडे उतरवता उतरवता दुर्लक्षित करतात. जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह असलं की कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता टांगलेला असतो: ओनसेन विश्लेषण-पत्र. पाण्यातले घटक आणि कोणी स्नान टाळावं याच्या सूचना दर्शनी लावणं तिथल्या ओनसेन कायद्यानं बंधनकारक आहे.

हा तक्ता सगळ्यात जास्त मनोरंजक होतो तो ऱ्योकानमध्ये. ऱ्योकान म्हणजे पारंपरिक जपानी निवासगृह. तातामी चटया, अंगात युकाता, अनेक पदार्थांचं काइसेकी जेवण आणि जेवणाआधी-नंतर गरम पाण्यात बसणं. यात खाजगी स्नानाचे दोन प्रकार असतात. एक, खोलीलाच जोडलेलं उघड्यावरचं कुंड. दुसरा, 'काशिकिरी', म्हणजे साधारण पाऊण तासासाठी राखून ठेवायचं कुंड. जाहिरातीत दोन्हींचं वर्णन जवळपास सारखं असतं: तुमचा स्वतःचा झरा, फक्त तुमच्यासाठी, शुद्ध, निसर्गातून थेट.

माझं म्हणणं थोडक्यात असं: 'खाजगी' आणि 'ताजं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरात त्या एक करून विकते, आणि भिंतीवरचा कागद ही गल्लत दूर करायला अर्ध्यावरच थांबतो.

कागद काय सांगतो

आधी कौतुक. हा कागद प्रामाणिक आहे. त्यावर उगमाचं नाव आणि ठिकाण, नमुना घेतल्याची तारीख, तापमान, मिनिटाला किती लिटर पाणी येतं, सामू, आणि मग घटकांची यादी असते. प्रत्येक आयनासाठी तीन आकडे: किलोग्रॅममागे मिलिग्रॅम, मिलीव्हॅल आणि मिलीव्हॅल टक्के. मिलीव्हॅल म्हणजे आपण बारावीत शिकलेलं मिलि-इक्विव्हॅलंट. ३५.५ मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे १ मिलीव्हॅल. कॅल्शियमचे मात्र २० मिलिग्रॅमच १ मिलीव्हॅल होतात, कारण त्याच्यावर दोन प्रभार असतात. क्षार पुरेसे असतील तर ज्या आयनांचा वाटा २० मिलीव्हॅल टक्के किंवा जास्त, त्यांच्यावरून पाण्याचं नाव ठरतं. 'सोडियम-क्लोराइड झरा' हे कवीनं दिलेलं नाव नाही, ते गणितातून आलेलं आहे.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना इथे एक सोपा सराव मिळतो. धन आयनांच्या मिलीव्हॅलची बेरीज करा, ऋण आयनांची करा. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असतं, त्यामुळे दोन्ही बेरजा जवळपास सारख्या यायला हव्यात. मोठी तफावत आली तर एखादा आयन मोजायचा राहिला किंवा कुठेतरी चूक झाली. दुसऱ्याच्या डेटावर विश्वास ठेवण्याआधी करायची ही तपासणी प्रयोगशाळेत न जाताही होते.

आता तारखेकडे बघा. २००७ मधल्या दुरुस्तीनुसार हे विश्लेषण दर १० वर्षांनी नव्यानं करावं लागतं. याचा अर्थ समोरचा आकडा नऊ वर्षांपूर्वीचाही असू शकतो. एका तारखेला घेतलेला एक नमुना. त्यात ऋतूंचा फरक नाही.

व्याख्येला गाव असतं

मुळात ओनसेन कशाला म्हणायचं? १९४८ च्या कायद्यानुसार जमिनीतून येणारं पाणी उगमापाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असलं, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक जरी ठरल्या प्रमाणात असला, तर ते ओनसेन. यातला 'किंवा' महत्त्वाचा. मेटासिलिसिक आम्ल किलोग्रॅममागे ५० मिलिग्रॅम असलं की थंडगार पाणीही कायद्यानं ओनसेन ठरतं. मग ते बॉयलरवर तापवलं तरी चालतं. शिवाय जमिनीत १०० मीटर खाली गेलं की तापमान साधारण ३ अंशांनी वाढतं. १,००० ते १,५०० मीटर खोल बोअर घेतलं तर आसपास ज्वालामुखी नसलेल्या शहरातही २५ ची रेषा ओलांडता येते.

आणि ही २५ ची रेषा आपल्याकडे आणून बघा. उथळ भूजलाचं तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास असतं. टोकियोची सरासरी १६ अंशांच्या आसपास, त्यामुळे तिथे २५ अंशांचं पाणी म्हणजे खरंच काहीतरी वेगळं. नागपूरची सरासरी २७ च्या आसपास. म्हणजे जपानी कायदा लावला तर विदर्भातली साधी विहीरसुद्धा ओनसेन! मग उन्हवरे आणि वज्रेश्वरीच्या कुंडांना वेगळं काय म्हणणार? जर्मनीत ही रेषा २० अंशांवर आहे, तैवानमध्ये ३० वर. व्याख्या चुकीची नाही, पण ती जिथे जन्मली तिथल्या हवेत तिला अर्थ आहे. तुमच्या प्रबंधात दुसऱ्या देशातला कट-ऑफ उचलून आणताना हे लक्षात ठेवा.

कागद काय सांगत नाही

आता मुख्य तक्रार. कागदावरचे आकडे मुख्यतः उगमाचे असतात. माणूस बसतो कुंडात. मधल्या वाटेवर पाइप, टाकी, पंप, कधी फिल्टर, कधी थंड पाणी, कधी क्लोरीन.

हा फरक कळीचा आहे हे जपाननं स्वतः अनुभवलंय. नागानो प्रांतातलं शिराहोने हे दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध. २००४ मध्ये उघड झालं की तिथल्या काही कुंडांत पांढरा रंग टिकवायला स्नानाची पावडर टाकत होते. गंमत अशी की तिथलं पाणी उगमापाशी स्वच्छ, पारदर्शक असतं. हवा लागून, विरघळलेले वायू उडून, घटक बाहेर पडायला लागले की ते पांढरं होतं. म्हणजे पाहुणे ज्याला अस्सलपणाची खूण समजत होते ती प्रत्यक्षात पाणी शिळं होत चालल्याची खूण होती. त्यानंतर २००५ पासून पाणी मिसळलंय का, तापवलंय का, फिरवून परत वापरलंय का, आणि पावडर किंवा जंतुनाशक टाकलंय का, या चार गोष्टी कारणांसह लिहिणं बंधनकारक झालं.

चांगली सुधारणा. पण ही उत्तरं 'हो' किंवा 'नाही' अशी असतात. किती, ते नसतं. आणि इथेच खाजगी कुंडाचं गणित सुरू होतं.

समजा, खोलीबाहेरच्या कुंडात ८०० लिटर पाणी मावतं आणि उगमाची धार मिनिटाला ४ लिटर आहे. ८०० भागिले ४, म्हणजे २०० मिनिटं. याला आपण निवासकाल म्हणतो. पण २०० मिनिटांनी सगळं पाणी बदलत नाही. नवं पाणी जुन्यात मिसळतं, त्यामुळे तेवढ्या वेळानंतरही ३७ टक्के जुनं पाणी उरतं. जुनं पाणी ५ टक्क्यांवर आणायला साधारण १० तास लागतात. हेच कुंड ५० मिनिटांच्या काशिकिरीसाठी असेल, तर तुम्ही उतरता तेव्हा कुंडात जे पाणी होतं त्यातलं ७८ टक्के तुमच्यानंतरच्या पाहुण्याच्या वाट्याला येतं. दार बंद, कडी लावलेली, वेळ राखीव. पण पाणी सामायिकच.

आता १२,००० लिटरचं सार्वजनिक कुंड घ्या, धार मिनिटाला ६० लिटर. निवासकाल? तोच, २०० मिनिटं. आकार लहान-मोठा असण्यानं ताजेपणा ठरत नाही. धार आणि आकारमानाच्या गुणोत्तरानं ठरतो. हे दोन्ही आकडे कुंडाचे, आणि नेमके तेच कागदावर मागितलेले नाहीत.

अजून एक उलटं वाटणारं गणित. कुंड ४२ अंशांवर ठेवायचंय आणि हिवाळ्यात त्यातून साधारण ५ किलोवॉट उष्णता बाहेर जाते असं धरा. उगम ६० अंशांचा असेल तर ती भरून काढायला मिनिटाला सुमारे ४ लिटर पाणी सोडावं लागतं. उगम ८० अंशांचा असेल तर १.९ लिटर पुरे. जास्त सोडलं तर पाहुणा भाजेल. मग निवासकाल झाला सात तास! उगम जितका गरम, तितकी धार बारीक आणि पाणी तितकं शिळं. 'आमचा झरा ८० अंशांचा' हा अभिमानाचा आकडा आणि 'उगमाचं पाणी सतत वाहतं' हा दावा एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतात. सुटका म्हणजे थंड पाणी मिसळा, म्हणजे खनिजं पातळ. नाहीतर आधी पाणी निववा. कुसात्सूला लाकडी फळ्यांनी पाणी ढवळायची जुनी रीत आहे, बेप्पूकडे बांबूच्या काड्यांवरून पाणी ओघळत सोडून निववतात. पातळ न करता गार करायचं, हे शहाणपण आकडे न मांडताही तिथल्या लोकांना होतं.

आणि खाजगी कुंडं वाढवली की उगम काही वाढत नाही. ऱ्योकानच्या वाट्याला मिनिटाला १०० लिटर पाणी असेल आणि मोठ्या कुंडाला ६० लागत असेल, तर उरलेल्या ४० मध्ये १० खोल्या निभतात. २० खोल्यांना कुंडं जोडली तर धार अर्धी करा किंवा पाणी फिरवून वापरा. क्युशूमधल्या कुरोकावा गावानं वेगळा रस्ता धरला होता. १९८६ पासून तिथे लाकडी पास मिळतो आणि त्यावर वेगवेगळ्या ऱ्योकानांच्या तीन उघड्या कुंडांत स्नान करता येतं. प्रत्येकाला आपलं वेगळं, याऐवजी सगळ्यांचं सगळ्यांना.

हे एवढं का ताणायचं?

कारण प्रश्न फक्त पैसे वसूल होण्याचा नाही. कोमट पाणी, पाइपांतला बुळबुळीत थर आणि हवेत उडणारे तुषार ही लेजिओनेला या जिवाणूची आवडती जागा. २००२ मध्ये मियाझाकी प्रांतातल्या ह्यूगा शहरात एका नव्या ओनसेन स्नानगृहातून संसर्ग पसरला. संशयित धरून २९५ जण आजारी पडले, ७ जण दगावले. २०२३ मध्ये फुकुओका प्रांतातल्या एका जुन्या, नावाजलेल्या ऱ्योकानमध्ये मोठ्या कुंडाचं पाणी वर्षातून दोनदाच पूर्ण बदललं जात असल्याचं उघड झालं. नियम आठवड्यातून किमान एकदाचा होता. जिवाणू मर्यादेच्या ३,७०० पटींपर्यंत सापडले होते. क्लोरीनचा वास नकोसा वाटत होता, हेही एक कारण पुढे आलं.

त्या वासाबद्दल आपण, म्हणजे पाहुणे, काय बोलतो ते आठवा. 'क्लोरीनचा वास आला, मजा गेली.' शुद्धतेची आपली कल्पनाच अशी की सुरक्षिततेची खूण आपल्याला अशुद्ध वाटते आणि शिळेपणाचा दुधाळ रंग अस्सल वाटतो. कुसात्सूसारख्या तीव्र आम्लधर्मी पाण्यात हा जिवाणू तग धरत नाही, तिथे क्लोरीनशिवाय भागतं. सौम्य पाण्यात भागेलच असं नाही. एकच नियम सगळ्या पाण्यांना लावता येत नाही, म्हणून तर कुंडातला आकडा हवा.

आणि ते 'गुणकारी' असणं

त्याच कागदाशेजारी आजारांची यादी असते: स्नायूदुखी, सांध्यांचा कडकपणा, थकवा वगैरे. ही यादी त्या ऱ्योकानच्या पाहुण्यांवर प्रयोग करून आलेली नसते. पाणी ज्या वर्गात मोडतं त्या वर्गासाठी पर्यावरण मंत्रालयानं ठरवलेली असते. आता विचार करा, तुलना कशाशी करणार? साध्या ४२ अंशांच्या पाण्यानंही रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग हलकं वाटतं. शिवाय ऱ्योकानमध्ये तुम्ही सुटीवर आहात, जेवण आयतं, ऑफिसचा फोन बंद. इतके घटक एकदम बदलल्यावर श्रेय सोडियमला कसं द्यायचं? नियंत्रण गटाला त्याच तापमानाचं साधं पाणी द्यावं, तर वास आणि रंग लगेच चुगली करतात. हा अभ्यास अवघड का आहे हे स्वतः मांडून बघा. प्रयोगरचनेवरच्या मुलाखतीत नक्की उपयोगी पडेल.

मी गेल्या वर्षी एका परिषदेनंतर अशाच एका डोंगरातल्या ऱ्योकानमध्ये एक रात्र राहिले. फोनच्या कॅमेऱ्यानं तक्ता भाषांतरित करून वाचला: पाणी तापवलेलं, फिरवून वापरलेलं, क्लोरीन टाकलेलं. सगळं लिहून ठेवलेलं होतं. मग निवांत बसले, आणि छान वाटलं. खाजगी कुंडाची गरजही खरी आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या आजी, लहान बाळं, अंगावर टॅटू असल्यानं सार्वजनिक कुंडात प्रवेश न मिळणारे, अनोळखी लोकांत कपडे उतरवायला संकोचणारे आपल्यासारखे कितीतरी. या कारणांसाठी ते विकावं, खुशाल विकावं. शुद्धतेच्या नावाखाली विकायचं असेल तर कागदावर चार ओळी वाढवा: कुंडाचं आकारमान, आत येणारी धार, शेवटचं कधी रिकामं केलं, आणि कुंडातल्या पाण्याची शेवटची जिवाणू तपासणी. चारही गोष्टी पट्टी, बादली, घड्याळ आणि एका नेहमीच्या चाचणीनं मिळतात.

तुमच्यासाठी गृहपाठ. सध्या वाचत असलेल्या निबंधात दोन जागा शोधा: नमुना कुठे घेतला, आणि निष्कर्ष कुठे लावला. रक्तात मोजून मेंदूबद्दल बोललेत का? एका तालुक्यात मोजून राज्याबद्दल? त्या दोन जागांमध्ये जी पाइपलाइन आहे ती समासात काढा आणि तिच्यावर कुठे काय मिसळलं जाऊ शकतं ते लिहा. रिव्ह्यू लिहिताना पहिला प्रश्न तिथूनच विचारा.